एमजीबी जॅकवर घेताना या चुका टाळा

तुमच्या एमजीबीच्या (एमजीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या) डिकीत कंपनीचा मूळ जॅक अजून जागेवर असेल तर त्याला तिथेच राहू द्या. गाडी प्रदर्शनात न्यायची झाली की तो शोभून दिसेल. गाडीखाली मात्र तो लावू नका.

कंपनीने दाराखालच्या सिलमध्ये (पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पट्टीत), साधारण मध्यावर, एक खोबण दिली होती. जॅकचा हात तिच्यात सरकवून स्क्रू फिरवला की त्या बाजूची पुढची-मागची दोन्ही चाकं एकदम उचलली जात. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीला हे चालून जायचं. पण एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीनेही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे. या गाडीला वेगळी चासी (खालचा स्वतंत्र सांगाडा) नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. रोडस्टरला, म्हणजे उघड्या मॉडेलला, तर पक्कं छतही नाही, त्यामुळे भाराचा मोठा वाटा सिलवर येतो. सिलच्या बाहेरच्या आणि आतल्या पत्र्यामध्ये एक उभा पडदा असतो आणि गंज नेमका तिथे, आतून धरतो. बाहेरचा पत्रा बदलून चकचकीत रंगवलेला असतो, आतला पडदा मात्र चाळणी झालेला. अशा खोबणीत जॅक घातला की पत्रा आत दबतो आणि दोन चाकं हवेत असलेली गाडी कलंडते.

ट्रॉली जॅक (चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक) सिलच्या खालच्या शिवणीवर लावणं ही याच चुकीची दुसरी आवृत्ती. ती शिवण एका बाजूला दुमडते आणि जॅकची वाटी (गाडीला टेकणारं वरचं टोक) निसटते. मध्ये रबर किंवा लाकूड घातल्याने रंग वाचतो, कुजलेला पत्रा वाचत नाही.

मग टेकू द्यायचा कुठे? गाडीचं वजन ज्या वाटेने चाकांवर उतरतं, त्याच वाटेवर. पुढे क्रॉसमेंबरचा (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईचा) मध्य, मागे ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा. एवढ्या दोन जागा लक्षात ठेवल्या तर सिलकडे जायची गरजच पडत नाही.

दाराची फट आधी बघा

जॅक लावण्यापूर्वी दोन्ही दारं बंद करा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वर-खाली सारखी आहे का ते बघून ठेवा. घडी घातलेला पुठ्ठा घालून मापली तरी चालेल. गाडी स्टँडवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी आधारांवर) गेल्यावर पुन्हा मापा. पुढच्या-मागच्या टोकांना आधार असताना फट वरच्या बाजूला मिटत असेल, तर मधला भाग खाली झुकतोय, म्हणजे सिल संपली आहे. मध्यावर उचलल्यावर फट वर उघडली, तर टोकं लोंबताहेत. कारण तेच. अशी गाडी खाली उतरवा आणि आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा. तेल बदलणं थांबू शकतं. अशा गाडीत स्टँडवर असताना दार उघडलं तर ते पुन्हा लागत नाही, आणि जबरदस्तीने लावायला गेलात तर कडेचा पत्रा वाकतो.

जमीन

ब्रिटनमधल्या घरासमोरच्या उतारावर किंवा पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर हे काम करू नका. पेव्हर ब्लॉक सुटे असतात, स्टँडच्या एका पायाखालचा ब्लॉक दबला की स्टँड तिरपा होतो. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर फरशी तडकते. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. सपाट काँक्रीट उत्तम. ते नसेल तर प्रत्येक स्टँडखाली किमान १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा एक फूट बाय एक फूट तुकडा घाला.

जॅकखाली मात्र प्लायवूडचा लांब पट्टा हवा. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे वाटी पुढे-मागे सरकते. ते सरकणं भरून काढायला जॅकची चाकं मोकळी फिरली पाहिजेत. चाकं फटीत अडकली किंवा मातीत रुतली तर जॅक सरकत नाही, मग वाटीच गाडीखालून सरकते. जॅक हलतोय म्हणून त्याच्या चाकांना दगड लावणारेही असतात. तेवढं तरी करू नका.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक टेकू म्हणून वापरायचेच नाहीत. पंक्चरवाला लावतो हे खरं, पण तो गाडीखाली झोपत नाही. पोकळ ब्लॉकवर एका ठिकाणी भार आला की तो वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम फुटतो.

गिअरमध्ये आहे, मग काळजी कशाला?

एमजीबीची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हँडब्रेकही मागच्याच ड्रमवर चालतो. मागचं एकच चाक उचललंत की गिअरचा आधार संपतो. डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं सुटतं. तेव्हा फक्त हँडब्रेक गाडी धरून असतो, आणि या गाडीचा हँडब्रेक बहुधा भरवशाचा नसतो. मागची दोन्ही चाकं उचलली तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी.

म्हणून मागून उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना, आणि पुढून उचलताना मागच्या दोन्ही चाकांना, पुढे-मागे दोन्हीकडून पाचर लावा. लाकडी पाचर चाकाच्या रुंदीएवढी असावी. रस्त्यावरचा गोल दगड घरंगळतो.

पुढची बाजू

आधीच्या, क्रोम बंपरच्या गाड्या फार खाली बसलेल्या असतात. १९७४च्या अखेरीस आलेल्या रबर बंपरच्या गाड्या थोड्या उंच केल्या होत्या, तरी साधा गॅरेज जॅक त्यांच्याही नाकाखाली अडतो. शिवाय जॅक आत गेला तरी दांडा बंपरला आपटून पंप करायला जागा उरत नाही. आधी पुढची चाकं ४० मिलिमीटर जाडीच्या फळ्यांवर चढवा, मग जॅक घाला. ज्याची वाटी पूर्ण खाली असताना जमिनीपासून ८०-८५ मिलिमीटरच उंच असते असा जॅक घेतलात तर हा खटाटोप बराच कमी होतो.

वाटी क्रॉसमेंबरच्या मध्यावर बसवा, वर सपाट सागवानी तुकडा किंवा जाड रबर ठेवा. ऑईल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पत्र्यावर, गिअरबॉक्सवर किंवा रेडिएटरखालच्या पत्र्यावर वाटी कधीही टेकवू नका. संप दिसायला भक्कम वाटतो, पण तो पत्राच आहे. तो आत दबला की आतल्या ऑईल पिकअपला (तेल ओढून घेणाऱ्या तोंडाला) लागतो.

स्टँड कुठे लावायचे ते कामावर ठरतं. तेल बदलणं, ब्रेक पॅड, एक्झॉस्ट अशी कामं असतील तर खालच्या विशबोनमधल्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हातांमधल्या) स्प्रिंग पॅनखाली, म्हणजे स्प्रिंग ज्यात बसते त्या ताटलीखाली, स्टँड चालतो, सस्पेन्शनवर वजन राहतं आणि गाडी स्थिर बसते. सस्पेन्शन उघडायचं असेल तर स्टँड चासी रेलवर (बॉडीलाच जोडलेल्या खालच्या लांब पोकळ पट्ट्यांवर), क्रॉसमेंबरच्या मागे. कॉईल स्प्रिंग पॅनमध्ये दाबून बसवलेली असते. पॅनला जॅकचा किंवा स्प्रिंग कॉम्प्रेसरचा आधार न देता त्याचे बोल्ट काढले तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. लोकांची हाडं मोडण्याचं या गाडीतलं हे एक नेहमीचं ठिकाण.

मागची बाजू

जॅक डिफरन्शियलच्या जाड ओतीव भागाखाली घ्या. नंतरच्या ट्यूब ॲक्सलला मागे पातळ पत्र्याचं बोल्ट लावलेलं झाकण असतं. वाटीची कड त्याला टेकली तर झाकण वाकतं आणि गॅस्केटमधून तेल झिरपायला लागतं. जॅक मागून सरकवताना पेट्रोलची टाकी आणि एक्झॉस्टचा पाईप यांच्याकडेही लक्ष असू द्या.

स्टँड ॲक्सल ट्यूबखाली, लीफ स्प्रिंगच्या यू-बोल्टच्या शक्य तितक्या जवळ. त्याआधी ट्यूबवर हात फिरवा. ब्रेकचा धातूचा पाईप ॲक्सललाच धरून जातो. स्टँडच्या दातांखाली तो चेपला तर त्या बाजूचा ब्रेक गेला, आणि हे कळतं ते पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर.

पाटे (लीफ स्प्रिंग) किंवा ॲक्सलच काढायचा असेल तर स्टँड बॉडीवर, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या माउंटिंगजवळच्या रेलवर लावा. आता ॲक्सल खाली लोंबणार. त्याला रोखायला दोन्हीकडे रिबाउंड स्ट्रॅप असतात. जुने स्ट्रॅप कुजून तुटलेले असतील तर ॲक्सलचा सगळा ताण मधल्या लवचिक ब्रेक होजवर येतो. होजला बाहेरून काही दिसत नाही, आतून चीर जाते. म्हणून ॲक्सलखाली जॅक हलका टेकवून ठेवा.

ॲक्सलमधलं तेल तपासताना होणारी चूक फारच सामान्य आहे. फक्त मागची बाजू उचलून भरण्याची बूच उघडली की तेल कमी दिसतं, कारण गाडी नाकावर झुकलेली असते आणि तेल पुढे सरकलेलं असतं. मग माणूस ते बूचापर्यंत भरतो. गाडी सपाट झाली की जास्तीचं तेल हबच्या सीलमधून ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक शू भिजतात. पातळी बघायची ती गाडी सपाट असतानाच.

चारही चाकं उचलायची असतील तर

एक टोक एकदम पूर्ण उंचीला नेऊ नका. दुसरं टोक उचलताना गाडी कलते आणि आधीच्या स्टँडचे दोन पाय जमिनीवरून सुटतात. मागे दोन खाचा, मग पुढे दोन खाचा, परत मागे, असं टप्प्याटप्प्याने चढा. दर वेळी खाली वाकून बारा किंवा सोळा पाय जमिनीला लागलेत का बघा.

स्टँडवरचा आकडा एका स्टँडचा की जोडीचा, हेही वाचा. "२ टन" म्हणजे अनेकदा दोन्ही मिळून दोन टन. एमजीबी साधारण ९२० ते ११०० किलोची, त्यामुळे एवढे पुरतात. पिन किंवा खाच पूर्ण बसली नसेल तर मात्र कितीही टनांचा स्टँड घेऊन उपयोग नाही.

गाडी स्टँडवर टेकली की खाली जाण्याआधी तिला बाजूने खांद्याने जोरात ढकला. काही हलायचं असेल तर ते आत्ता हलू दे. जॅक जागेवरच हलका टेकलेला राहू द्या आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाकाचे नट

गाडी स्टँडवर असताना पान्यावर उभं राहून नट सैल करायचा नाही. तो जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. तारेच्या चाकांच्या मधल्या नटाला तांब्याच्या तोंडाचा हातोडा लागतो, आणि ते ठोके हवेतल्या गाडीला बसले तर स्टँड सरकतात. त्याची उघडण्याची दिशा दोन बाजूंना वेगळी असते: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सुटतो. बसवताना चाक हवेत असतानाच नट हाताने पूर्ण फिरवून शंकूसारख्या निमुळत्या बैठकीवर बसवा, हलके ठोके द्या, पुरतं घट्ट करणं गाडी खाली आल्यावर. साध्या नटांच्या चाकांना ६० ते ६५ फूट-पौंड, म्हणजे साधारण ८१ ते ८८ न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने.

जॅक दगा देतो तेव्हा

पंप करूनही जॅक स्पंजासारखा दबतो: तेलात हवा आहे. व्हॉल्व्ह उघडा, भार नसताना दांडा दहा-पंधरा वेळा मारा, व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा.

जॅक पूर्ण उंचीला जात नाही: तेल कमी आहे. हात पूर्ण खाली असताना भोकाच्या काठापर्यंत हायड्रॉलिक जॅक ऑईल भरा. ब्रेक फ्लुईड भरलंत तर सील फुगून जॅक निकामी होतो.

भार घेऊन हळूहळू खाली येतो: जॅकच्या आतलं रबरी सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा. किट मिळत असेल तर बदला, नाहीतर जॅक भंगारात.

उतरवताना गाडी धपकन पडते: व्हॉल्व्ह एकदम उघडला जातोय. दांडा अगदी थोडा फिरवा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, आणि गाडी हलायला लागली की तिथेच थांबा. त्याआधी गाडीखालचं चाक, दिवा, पाने बाहेर काढलेत का ते बघा. पाचरी शेवटी काढा, चारही चाकं जमिनीवर आल्यावर. साठ-सत्तर किलोमीटर चालवून झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा. तारेच्या चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर थोडे सैल निघणं नवलाचं नाही.