डे केअर ऑपरेशनचा पेशंट सांभाळताना या चुका टाळा

हर्निया, मूळव्याध, हायड्रोसील असल्या ऑपरेशनला पेशंट सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो, म्हणून सगळे त्याला "छोटं ऑपरेशन" म्हणतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. कापाकापी कमी असेल पण भूल तीच असते, आणि रात्री त्याच्याजवळ सिस्टर नसते, बायको नाहीतर मुलगा असतो. नवीन सिस्टर-ब्रदरसाठी लिहितेय, यातल्या दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

पहिली. "उपाशी आहात ना?" असं कधीच विचारू नका. त्या दिवशी संकष्टी होती, आजी म्हणाल्या हो बाई, उपासच आहे, मी फाईलवर एनबीएम (तोंडाने काहीही नाही) लिहून मोकळी झाले, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं तर आजी म्हणतात सातला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वाटीभरच. आजींचं काय चुकलं, उपासाला खिचडी चालतेच की! केस पुढे ढकलावी लागली. तेव्हापासून मी विचारते, तोंडात शेवटचं काय घातलं आणि किती वाजता, चहा, गोळी, तंबाखू सगळं सांगा. साधारण हिशोब असा, हलकं खाणं 6 तास आधी बंद, तळलेलं-तेलकट असेल तर 8, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा खाण्यातच धरायचा.

उलटी चूकही तेवढीच होते. रात्री दहापासून पाणीसुद्धा बंद, इन्शुरन्सचं अप्रूव्हल येईना, केस दुपारी दोनला, तोवर पेशंटचं तोंड कोरडं पडलेलं आणि डोकं ठणकतंय. ऑपरेशनची लिस्ट लांबली की भूलतज्ज्ञांना फोन करून पाणी देऊ का विचारा. डायबिटीसवाल्याला आल्या आल्या विचारा सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतली का, लगेच शुगर बघा, आणि लिस्टमध्ये त्याला पहिला घ्या म्हणून आठवण करा.

दुसरी माझी चूक लघवीची. स्पायनलखाली (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करतात ती भूल) हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका, साठीच्या पुढचे, मुलगा खाली रिक्षा थांबवून उभा, मी पडद्याबाहेरून विचारलं लघवी झाली का, ते म्हणाले झाली झाली सिस्टर. रात्री अकराला परत आले, घामाघूम, ओटीपोट दगडासारखं, कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर 900 मिली निघाली. काका खोटं बोलले असं मला वाटत नाही, चार थेंब झाले होते, त्यांना तेवढंच पुरेसं वाटलं. स्पायनलमध्ये मूत्राशय भरल्याची जाणीवच जाते, त्यात वयस्कर पुरुष आणि हर्निया-मूळव्याधीचं ऑपरेशन म्हणजे अडकण्याची शक्यता जास्तच. म्हणून युरिन पॉटमध्ये मोजा, मिली लिहा, ओटीपोटावर हात ठेवून बघा, मगच पुढचं.

पायाची बोटं हलली म्हणून लगेच चालवत न्यायचं नाही. आधी बेडच्या कडेला बसवा, बीपी घ्या, गुडघा ताठ धरून पाय उचलता येतो का बघा, मग दोघांनी धरून उभं करा.

दुखण्याचं तर सगळेच विसरतात. चारला विचारलं तर पेशंट म्हणणार अजिबात दुखत नाही, कारण बधिरपणा उतरलेलाच नसतो, आणि आठला घरी जाऊन कळवळतो. दुखण्याच्या औषधाचा पहिला डोस बधिरपणा असतानाच द्या, ऑर्डर नसेल तर मागून घ्या.

डिस्चार्जच्या सूचना पेशंटला सांगून उपयोग नाही, झोपेच्या इंजेक्शनचा असर असतो, तो मान डोलावतो आणि घरी जाईपर्यंत विसरतो. सोबतच्या माणसाला बसवून सांगा, आणि त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या. 24 तास गाडी नाही, कागदावर सही नाही, एकटं ठेवायचं नाही. ड्रेसिंग भिजलं, उलट्या थांबेनात, ताप आला, किंवा स्पायनलनंतर बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर लगेच फोन. नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आणि हातातलं इंट्राकॅथ (सलाईनची सुई) काढलंय का ते बघा, तसंच घरी गेलेले पेशंट मी पाहिलेत.

ग्लासगोच्या डॉ. जेम्स निकोल यांनी 1909 मध्ये लहान मुलांच्या 8,988 ऑपरेशनांचा अहवाल दिला, सगळी मुलं त्याच दिवशी घरी, पण नर्स त्यांच्या घरी जाऊन बघायच्या. आपल्याला जाणं जमत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत मी फोन करते, आणि पहिला प्रश्न रात्री लघवीला किती वेळा उठलात हाच असतो.