मुंबईत नव्याने आलेल्या ल्यूथरन कुटुंबांसाठी: भाकर, रेशन आणि मंडळीची पेटी

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्यातून, झारखंडातून, गुंटूरच्या बाजूने किंवा तमिळनाडूतून कामासाठी मुंबईत नुकत्याच आलेल्या ल्यूथरन बंधुभगिनींसाठी हे लिहीत आहे. मी स्वतः सौंसर तालुक्यातून १९९६ साली या शहरात आलो. ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी जाऊ लागलो, तिथली उपासना तेलुगूत होत असे, आणि पहिले काही महिने मला ‘आमेन’खेरीज फारसे काही उमगत नव्हते. प्रभूची प्रार्थना मात्र तालावरून ओळखू येई, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही ओळ मी मनातल्या मनात मराठीतच म्हणत असे. त्या दिवसांत ती ओळ माझ्यापुरती अगदी शब्दशः खरी होती, कारण एका कंत्राटदाराने माझी दीड महिन्याची मजुरी अडकवून ठेवली होती आणि दिवसाचे एक जेवण मी केव्हाच सोडून दिले होते.

हे मी कोणालाही सांगितले नव्हते. उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी मी चार बिस्किटे गुपचूप खिशात टाकली, ती महिला मंडळातल्या एका वयस्क बाईंच्या नजरेस पडली. त्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी माझ्या हाती जेवणाचा डबा दिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, की तुमचे रेशन कार्ड कुठे आहे? ते गावी वडिलांच्या नावावर होते. पुढच्या महिन्याभरात त्या माझ्यासोबत तीन वेळा शिधावाटप कार्यालयात आल्या, आणि तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला. अडचण सांगायला लाजू नका, असे मी नव्या माणसांना म्हणतो खरा, पण लाज वाटतेच हे मला ठाऊक आहे. म्हणून जुन्या सभासदांनी आपण होऊन, आणि चारचौघांत नव्हे तर बाजूला घेऊन, विचारायला हवे.

आपला पंथ ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ सालच्या ‘लघु प्रश्नोत्तरावली’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात या ‘रोजच्या भाकरी’चा अर्थ सांगितला आहे, तो आपण लहानपणी पाठ केला असला तरी पुन्हा वाचण्यासारखा आहे. तिथे भाकरीत अन्न-वस्त्र येते, घर, शेत आणि गुरेढोरे येतात, पण त्याबरोबरच चांगले शासन आणि चांगले शेजारीही येतात. भूक ही केवळ रिकाम्या डब्याची गोष्ट नसून मजुरी बुडवणारा मालक, न मिळणारा दाखला आणि ओळख नसलेली वस्ती यांचीही आहे, हे त्यात आलेच. म्हणून मंडळीने गव्हाच्या पिशव्या वाटल्या की आपले काम झाले, असे मानणे मला पटत नाही.

याहून जुने आणि आपल्यासाठी फार उपयोगाचे उदाहरण जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या लायस्निग या छोट्या गावाचे आहे. १५२३ साली तिथल्या मंडळीने गोरगरिबांसाठी सामाईक पेटीची नियमावली केली आणि ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगवेगळी कुलुपे होती, आणि किल्ल्या सरदार, नगर परिषद, नगरवासी आणि शेतकरी अशा चार गटांकडे एकेक असत, म्हणजे एकट्यादुकट्याला ती उघडता येऊ नये. कारभार पाहणाऱ्या दहा जणांत तिघे साधे शेतकरी होते. धंदा बसलेल्या कारागिराला त्या पेटीतून कर्ज मिळे, आणि ते फेडणे त्याला खरोखरच शक्य नसेल तर देवाच्या नावाने सोडून दिले जाई. त्याच नियमावलीत बाहेरून आलेल्यांसाठी वेगळे कलम आहे: जो परका, बाई असो की पुरुष, कष्ट करून पोट भरू इच्छितो, त्याला कर्जाऊ किंवा देणगी म्हणून मदत करावी, म्हणजे तो निराधार राहणार नाही. आपली मंडळी तुम्हाला मदत करते ती उपकार म्हणून नव्हे. पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या कलमाप्रमाणे ती वागते आहे. (लायस्निगच्या नगर परिषदेने पेटीसाठी मालमत्ता सोडताना बरीच खळखळ केली, हेही सांगितले पाहिजे, किल्ली हातची जाऊ देणे कोणालाच सोपे जात नाही.)

आता कामाचे बोलू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय म्हणजे अतिगरीब कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. माझ्या वेळी गावचे कार्ड मुंबईत निव्वळ कागद होता. आता ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे तुमचे गावचे कार्ड या कायद्याखालील असेल आणि आधारशी जोडलेले असेल, तर मुंबईतल्या कोणत्याही शिधावाटप दुकानात कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून आणि यंत्रावर अंगठा देऊन धान्य घेता येते. घरचे अर्धे लोक गावी असतील तर तुमच्या वाट्याचे इथे आणि त्यांच्या वाट्याचे तिथे उचलता येते. याच कारणासाठी गावच्या कार्डातून नाव कमी करण्याची घाई करू नका, कारण महाराष्ट्रात या कायद्याखालील लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, ठरलेला आहे आणि शहरात नवे नाव चढायला वेळ लागतो. कायमचे राहायचे ठरले, की मग गावच्या कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. रोजंदारीवरच्या कुटुंबाचे उत्पन्नही सहज तिच्यावर जाते आणि मग या कायद्याच्या धान्याविना केशरी कार्डावर समाधान मानावे लागते, हा या व्यवस्थेतला दोषच म्हटला पाहिजे.

दुकानदार ‘बाहेरचे कार्ड चालत नाही’ असे म्हणेल, तर वाद न घालता १४४४५ किंवा १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि शक्य तर मंडळीतल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत न्यावे. मराठी नीट बोलणारा माणूस शेजारी उभा असला की त्याच खिडकीवरची भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे. तो फारसा अभिमानास्पद नाही, पण खरा आहे. सहा वर्षांखालील मूल घरी असेल तर अंगणवाडीत नाव घाला, तिथे रेशन कार्डाची अट नाही. मुलांना पालिकेच्या शाळेत घातले तर आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम झाले असेल तर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. झारखंडातून आलेल्या आदिवासी कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावे, की तिथला जमातीचा दाखला महाराष्ट्राच्या सवलतींसाठी चालत नाही. अन्नधान्याच्या हक्काला मात्र जात, जमात किंवा धर्म आड येत नाही.

मंडळीच्या पेटीविषयी आता थोडे. आमच्याकडे प्रत्येक घरात रोजचा भात शिजवताना मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवण्याची पद्धत आहे, आणि तो महिन्याच्या पहिल्या रविवारी दानार्पणाबरोबर येतो. आभारस्तुतीच्या सणाला भाजी, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव होतो, त्याची रक्कमही पेटीत जाते. यातून गरजू घराला महिनाभराचे धान्य मिळतेच, पण अलीकडे निम्म्याहून जास्त रक्कम आम्ही खोलीच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी कर्ज म्हणून देतो, कारण नव्या कुटुंबाचे पोट मारले जाते ते बहुधा तिथेच: डिपॉझिटसाठी महिन्याला दहा टक्क्यांनी उचललेले पैसे फेडता फेडता ताटातली डाळ जाते. हिशेब दर तीन महिन्यांनी मंडळीसमोर वाचला जातो, घेणाऱ्याचे नाव मात्र कधीही वाचले जात नाही. धान्य देतानाचा फोटो काढण्याची प्रथा आमच्याकडेही दोन वर्षे होती. एका मुलाने तो फोटो शाळेतल्या मित्राच्या मोबाइलवर पाहिला, त्यानंतर आम्ही ती बंद केली.

मदत फक्त ख्रिस्ती घरांना द्यावी का, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी काढतोच. भाकरीसाठी धर्म, हा टोमणा आपल्या आजी-आजोबांनी दुष्काळाच्या काळापासून ऐकला आहे, आणि त्याला उत्तर एकच: धान्याच्या पिशवीत पत्रक ठेवायचे नाही आणि घेणाऱ्याला उपासनेचे आमंत्रण त्या दिवशी द्यायचे नाही. गेल्या वर्षी पेटीतून मदत घेतलेल्या घरांत ख्रिस्ती घरे निम्मीसुद्धा नव्हती.

तुमच्याकडून काय हवे, तेही सांगतो. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, तेव्हा सात जण निवडले जातात आणि त्या साऱ्यांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची आबाळ झाली, वाटपाचे काम त्यांच्यातल्याच माणसांकडे गेले. आमच्या समितीतले बहुतेक जण आता इमारतींमध्ये राहतात. सकाळी नाक्यावर कोण सलग चार दिवस कामावाचून परतला आणि कोणत्या खोलीत चूल पेटली नाही, हे त्यांना कळत नाही, तुम्हाला कळते. म्हणून समितीच्या नऊ जागांपैकी तीन आम्ही मुंबईत येऊन दोन वर्षेही न झालेल्यांसाठी राखल्या आहेत, आणि सध्या त्यातली एक रिकामी आहे.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर कागदपत्रांचे टेबल लागते. गावच्या रेशन कार्डाची छायाप्रत, घरातल्या सर्वांची आधार कार्डे आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणावा. मराठी, हिंदी, तेलुगू आणि तमिळ बोलणारे कोणी ना कोणी तिथे असते. झारखंडातल्या सादरी बोलीत बोलणारे अजून कोणी नाही.