नेट गेलंय की वायफाय? घरातली रेंज नीट करताना

"नेट चालंना" म्हणून केबलवाल्याला फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "राउटर बंद करून चालू करा." तासभर बरं चालतं आणि परत गोल फिरायला लागतं. मग कुणीतरी रिपीटर (वायफायची रेंज पुढे ढकलणारा डबा) घ्यायला सांगतं. तो आणून लावला तरी बऱ्याचदा फरक पडत नाही, कारण दुखणं भलतीकडेच असतं. बिघाडाच्या जागा तीन: बाहेरून येणारी लाइन, राउटर, आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतचा हवेतला रस्ता. यातली नेमकी कुठली, ते आधी शोधायचं. एकूण काम अर्ध्या तासाचं, फक्त सकाळ-रात्र विभागून, आणि खर्च शून्य.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि लॅन केबलने तो थेट राउटरला जोडा. स्पीड टेस्ट सकाळी सातला एकदा आणि रात्री दहाला एकदा घ्या. दोन्ही वेळा प्लॅनइतका स्पीड आला तर लाइन ठणठणीत आहे. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा आला, तर तुमच्या गल्लीतली गर्दी कंपनीला पेलत नाहीये. घरात काहीही बदलून उपयोग नाही. प्लॅन २०० किंवा ३००चा आणि आकडा ९३-९५ एमबीपीएसवर अडकलेला असेल, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १००चं आहे, नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. १००ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आधी केबल बदलून बघा.

आता वायर काढा, वायफाय चालू करा. जिथे नेट अडकतं तिथेच बसून कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता पिंग करा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१, नक्की काय ते राउटरखालच्या स्टिकरवर असतं), दुसरीत ८.८.८.८ हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. पत्त्याच्या शेवटी डॅश टी लावलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटरकडून उत्तर १ ते १० मिलिसेकंदांत यायला पाहिजे. तिथेच २००-३००च्या उड्या दिसल्या किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर भानगड घरातल्या हवेत आहे. राउटर सरळ उत्तर देतोय आणि बाहेरचं तुटतंय, तर लाइनकडे वळा.

लाइन

फायबरच्या डब्यावर 'पॉन' दिवा हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' लाल झाला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी राउटर रीसेट करू नका. मागचं बारीक बटण सुईने दाबलं की कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जातात आणि एकाच्या जागी दोन तक्रारी होतात.

त्यापेक्षा वायर बघा. पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड टीव्हीच्या मागे दाबली गेली आहे का, खिळ्याला गुंडाळली आहे का? फायबरला ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण दिलं तर प्रकाश गळतो. हिरव्या टोकाची जोडणी हिरव्यातच बसवायची, निळ्यात नाही. उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. तो लेझर असतो आणि डोळ्याला दिसत नाही.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडणाऱ्या पानावर 'आरएक्स पॉवर' किंवा 'ऑप्टिकल पॉवर' असा आकडा सापडतो, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश. −१५ ते −२४ डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. बहुतेक डब्यांची हद्द −२७च्या आसपास असते. तीन डीबी घसरले म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला, त्यामुळे −२६वर चाललेली लाइन आज चालते म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. पावसात जॉइंटमध्ये ओल शिरली की ती पहिली जाते. तक्रार करताना "स्लो आहे" न म्हणता "पॉवर −२६ आहे" म्हणा, माणूस लवकर येतो.

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, शिरोळकडे गळीत हंगामात आणखी एक कारण. उसाने शीगभर भरलेली ट्रॉली खांबावरून लोंबणारी केबल ओढत नेते. पूर्ण तुटली तर निदान लगेच कळतं. नुसती ताणली गेली तर आतली काच दबून राहते आणि महिनाभर नेट येत-जात राहतं. रस्ता ओलांडणारी तुमची केबल खाली आली असेल, तर दिवाळीआधीच वर बांधून घ्या.

डबा आणि त्याचा अडॅप्टर

राउटर मधूनच आपोआप चालू-बंद होत असेल तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. तीन-चार वर्षं जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर नुसता मोजला तर १२ दाखवतो, पण भार आला की खाली बसतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२चा लावलात तर तो जळू शकतो. इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्या क्षणी नेट तुटतं, ते बदलाच्या त्या मिलिसेकंदांमुळे. त्याला राउटरच्याच व्होल्टचा मिनी यूपीएस हा सरळ इलाज. एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर बोर्डातून उपसा. नेट तांब्याच्या लॅन केबलने बाहेरून येत असेल, तर तीही काढा.

भिंती

खरी मेख इथे आहे. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटी. केबल रस्त्याच्या बाजूने सोप्यात (पुढच्या खोलीत) येते, तिथेच टीव्हीच्या मागे कोपऱ्यात राउटर टांगला जातो, आणि रेंज हवी असते मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती, भांड्यांची मांडणी आणि लोखंडी कपाट. वायफाय दोन लहरींवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ची लहर अशा एका भिंतीतच दमते. २.४ची थोडी पुढे जाते. त्यातही लहर तिरकी गेली तर दोन फुटांची भिंत तिच्यासाठी तीन फुटांची होते.

अशा घरात सोपा, माजघर आणि स्वयंपाकघराची दारं पुष्कळदा एका रेषेत असतात. राउटर त्या रेषेत आणा, जमिनीपासून पाच-सहा फूट उंच आणि उघड्यावर. अँटेना उभी ठेवली की रेंज मेदूवड्याच्या आकारात आडवी पसरते. वडा आडवा, अँटेना त्याच्या भोकातून उभी. म्हणून थेट वरच्या मजल्याला कमी मिळतं. वर माडी असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करा.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर ॲप घ्या आणि कागदावर घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत रेंजचा आकडा (डीबीएममध्ये) लिहा. −५० म्हणजे उत्तम, −६७पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, −७५च्या पुढे रडारड. राउटर हातभर सरकवला तरी आकडा बदलतो, म्हणून तीन-चार जागा बघितल्याशिवाय खिळा ठोकू नका.

राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भिंतीपेक्षा शेजाऱ्यांचा त्रास जास्त. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ॲपमध्ये सगळ्यात मोकळं दिसेल ते 'ऑटो' काढून ठरवून टाका आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा; ४०वर ठेवणं म्हणजे दोन गाड्यांची जागा अडवून पार्किंग. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधली ५२ ते १४४ टाळा, कारण रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावं लागतं आणि नेट तुटतं. दोन्ही बँडला वेगळी नावं द्या, म्हणजे टीव्ही आणि लॅपटॉप ५वर राहतात, दूरची उपकरणं २.४वर.

एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली तर रिपीटर हा शेवटचा पर्याय. साध्या रिपीटरात एकच रेडिओ ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मा होतो. लावायचाच तर रेंज नसलेल्या खोलीत नको, वाटेत −६०-६५ मिळतं तिथे. खरा उपाय म्हणजे मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स लॅन वायर ओढणं. अस्सल तांब्याची मागा, 'सीसीए' लिहिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त असते पण टिकत नाही. टोकाला घरातला जुना राउटर चालतो. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (मोबाइलना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायर वॅनमध्ये (बाहेरच्या नेटच्या पोर्टात) न घालता लॅन पोर्टात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच, चॅनेल वेगळं. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि निम्म्या मोबाइलवर 'नो इंटरनेट' येतं.

जाड भिंतींमुळे मोबाइलचीच रेंज नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. वायफाय नीट असेल तर माजघरातूनही फोन लागतो. बोलत बोलत दाराबाहेर पडल्यावर कॉल तुटू नये, यासाठी व्होल्टी (४जीवरून कॉल) हीही चालू ठेवा.