तारणाची (ख्रिस्ती विश्वासात पापापासून सुटका होण्याची) शिकवण कोणाला समजावून सांगायची असेल तर

सगळं एकदम सांगायला जाऊ नका. आधी बायबलमधलं रोमकरांस पत्र उघडा, ३:२३ (अध्याय ३, वचन २३) समोरच्यालाच मोठ्याने वाचायला द्या, सर्वांनी पाप केलंय, त्यात मी पण आलो आणि आमचे पाळकसाहेब पण, हे स्पष्ट बोला नाहीतर समोरच्याला वाटतं आपण त्यालाच पापी म्हणतोय. मग ६:२३, पापाचं वेतन मरण, पण देवाचं दान सार्वकालिक जीवन. मग ५:८, इथे मात्र घाई नको! आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आपण सुधारल्यावर नाही, आपली शिक्षा त्याने वधस्तंभावर स्वतः घेतली, सगळं यावरच उभं आहे.

"मग चांगली कामं कशाला करायची?" हे विचारतातच, तेव्हा इफिसकरांस पत्र २:८-९ वाचा, तारण कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, पण लगेच १०वं वचन पण वाचा, सत्कर्मं तारण मिळवायला नाहीत, तारण झालं म्हणून आहेत. बरेच जण नेमकं हेच सोडतात.

त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिघं वेगळे तरी देव एकच) विषय निघाला तर पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण नको, त्याने एकच देव रूपं बदलतो असं डोक्यात बसतं, त्यापेक्षा मत्तय ३ मधला बाप्तिस्मा दाखवा, पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून, तिघं एकाच वेळी.

शेवटी रोमकरांस १०:९ वाचा, येशू प्रभू आहे असं तोंडाने कबूल केलं आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा मनापासून विश्वास ठेवला तर तारण होतं. लगेच प्रार्थना कर म्हणून मागे लागू नका प्लीज, त्याला वेळ द्या.