आजोबांची आरामखुर्ची दुरुस्त करताय? या चुका टाळा

लांब हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची माळ्यावरून खाली उतरली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदम नवीकोरी करून घेऊ." तिथूनच नुकसान सुरू होतं. जुन्या खुर्चीवर असंच काम करावं, जे उद्या गरज पडली तर काढता येईल.

पॉलिश न ओळखता घासायला घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हातांवर काळपट, तेलकट थर दिसतो आणि लगेच मशीनला सँडपेपर चढतो. सागवानाचा मुरलेला रंग लाकडाच्या अगदी वरच्या थरात असतो. तो घासला की खालून फिकट, कोरं लाकूड निघतं, कडा बोथट होतात. पुन्हा तो रंग यायला वर्षानुवर्षं जावी लागतात.

आधी बैठकीच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. थर चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने विरघळला तर बहुधा लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर तैलरंग किंवा व्हार्निश. चपडा असेल तर बहुतेक वेळा खरवडायची गरजच नसते. घट्ट पिळलेल्या कापडाने मळ काढा, वाळू द्या, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात द्या. नवा थर जुन्यात मिसळून एकजीव होतो.

खुर्चीला जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासूच नका. घरगुती रंगांत शिशासाठी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं घातक आहे.

डुगडुगणाऱ्या पायाला खिळा ठोकणं

खिळ्याने कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, चिरतं आणि दोन पावसाळ्यांत पाय पुन्हा हलायला लागतो. जुन्या सरसावरच, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या पारंपरिक चिकट पदार्थावरच, फेविकॉल ओतणंही तितकंच फुकट, कारण तो लाकडाला धरतच नाही. सांधा अलगद सोडवा, जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडून काढा, लाकूड पूर्ण वाळू द्या आणि मग नव्या सरसाने जोडून रात्रभर दोरीने आवळून ठेवा. सरस निवडायचं कारण साधं आहे: पुढच्या पिढीला तो पुन्हा सोडवता येतो.

वेत आधी, लाकूड नंतर

हा उलटा क्रम फार घरांत होतो. विणकाम ताणलेलं असताना सांधे सोडवता येत नाहीत आणि पॉलिशचे ओघळ वेतावर उतरतात. सांधे, पॉलिश आणि शेवटी वेत, हाच क्रम ठेवा.

वेत नुसता सैल पडला असेल, तुटला नसेल, तर विणायची घाई नको. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने वेत ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना तो आकसून ताणला जातो. एका कोपऱ्यात फाटला असेल तर तेवढंच ठिगळ लावू नका. नव्या पट्ट्यांच्या ताणाने शेजारचा ठिसूळ वेत तुटतो. पूर्ण विणून घ्या. कारागीर सापडत नसेल तर अंध व्यक्तींना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये चौकशी करा. खुर्च्या विणण्याचं काम अशा संस्थांमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे आणि तिथली वीण बघण्यासारखी असते.

पावसाळ्यात पॉलिश

दमट हवेत चपड्याच्या थरात ओलावा अडकतो आणि पांढुरकी झाक येते. आलीच तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलावलेलं कापड हलक्या हाताने फिरवा. बऱ्याचदा ती जाते. मुळात हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.