रेन-लाइट सेन्सर ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडवर धो धो सर येते आणि वायपर ढिम्म हलत नाहीत. किंवा लख्ख उन्हात कोरडीच काच घासत बसतात. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं : सेन्सर गेला, नवा टाका. घाई करू नका. बऱ्याचदा दोष सेन्सरचा नसून त्याच्या आणि काचेच्या मधल्या जागेचा असतो.

रेन-लाइट सेन्सर म्हणजे पाऊस आला की वायपर आणि अंधार पडला की हेडलाइट आपोआप चालू करणारा सेन्सर. गाडीतल्या आरशामागचा हा सेन्सर काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. कोरड्या काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून तो परावर्तित होऊन परत येतो. थेंब पडला की काही प्रकाश बाहेर निसटतो. परतणारा प्रकाश घटला की वायपर सुरू होतात. सेन्सर काचेला पारदर्शक सिलिकॉन जेल पॅडने जोडलेला असतो. त्या पॅडमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की सेन्सर फसतो.

म्हणून आधी आठवा, पुढची काच अलीकडे बदललीय का? जुनाच पॅड पुन्हा चिकटवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. बाहेरून टॉर्च मारून पाहा. बुडबुडे किंवा पांढरट डाग दिसले तर पॅड बदला. काच आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धागे न सुटणारं कापड वापरा, पॅडला बोट लावू नका आणि एका कडेकडून दाबत न्या. नवी काच सेन्सरवाल्या मॉडेलचीच हवी. काही गाड्यांत नंतर स्कॅनरने (गाडीला जोडायच्या तपासणी यंत्राने) कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची नव्याने जुळवणीही करावी लागते.

फास्टॅग नेमका सेन्सरसमोर चिकटवलेला असतो, हेही सर्रास दिसतं. तो बाजूला घ्या. वायपरचं रबर झिजलं असेल तर काचेवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाऊस थांबला तरी वायपर फिरत राहतात. इथे ब्लेड बदला, सेन्सर नव्हे.

भर दुपारी हेडलाइट पेटत असतील तर डॅशबोर्ड बघा. काही गाड्यांत प्रकाशाचा सेन्सर तिथे, काचेजवळच्या छोट्या घुमटीत असतो, आणि नेमका त्यावर टॉवेल किंवा गणपती बसलेला असतो. (बाप्पांना थोडं सरकवा.) उड्डाणपुलाखाली किंवा एक्स्प्रेसवेच्या भाताण बोगद्यात दिवे लागणं मात्र बिघाड नाही.

चाचणी सोपी आहे. इग्निशन चालू, वायपर ‘ऑटो’वर, संवेदनशीलता सर्वात जास्त, मग सेन्सरसमोरच्या काचेवर बाहेरून स्प्रेने पाणी मारा. दिव्यांसाठी स्विच ‘ऑटो’वर ठेवून प्रकाशाच्या सेन्सरवर काळं कापड धरा आणि काही सेकंद थांबा. गाडी धुताना मात्र वायपरचं ‘ऑटो’ बंदच ठेवा, नाहीतर वायपर अचानक फिरून हाताला लागेल.

तरीही प्रतिसाद नसेल तर फ्यूज तपासा, मग सेन्सरच्या कनेक्टरवर इग्निशन चालू असताना सप्लाय आणि अर्थ (ग्राउंड) या तारांमध्ये सुमारे १२ व्होल्ट येतात का ते मोजा. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा स्वस्त ओबीडी डोंगल सहसा फक्त इंजिनचे बिघाडाचे कोड वाचतो. वायपर-दिवे सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल वाचणारा स्कॅनर हवा. सप्लाय आणि वायरिंग ठीक असून कोड सेन्सरकडेच बोट दाखवत असेल, तरच नवा घ्या, तोही जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून.