लग्न आखाजीला, केस दिवाळीला: हेअर ट्रान्सप्लांटच्या पेशंटशी बोलायचं कसं

काउन्सेलिंगच्या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते. ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके, किती लागतील हे नंतर बघा, आधी लग्न कधी आहे ते विचारा.

आमच्याकडे जळगावात दिवाळी उरकली की गर्दी वाढते. रावेर-यावलचे केळीवाले, पारोळा-चाळीसगावकडचे कापूसवाले. हातात थोडा पैसा आलेला, घरात स्थळं बघणं चालू आणि डोक्यात आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा मुहूर्त. दिवाळी ते आखाजी म्हणजे जेमतेम सहा महिने. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढते आणि पेनाने दाखवते: आज सर्जरी केली, तर लावलेले बहुतेक केस २ ते ६ आठवड्यांत गळतील. मूळ आत शाबूत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसू लागते, सहाव्या महिन्याला बरा फरक पडतो, पण पूर्ण निकालाला वर्ष लागतं. मागच्या भोवऱ्याला तर कधी दीड वर्षही. म्हणजे मुलगी बघायला जाल तेव्हा डोकं नुकतंच भादरलेलं आणि लावलेलंही गळालेलं. “मग केस कव्हय येतीन, ताई?” पुढच्या दिवाळीला, भाऊ. हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ द्या. मार्चमध्ये चिडून येण्यापेक्षा ते बरं.

दुसरं, हिशोब. शेतकऱ्याला हा पटकन कळतो. कांद्याच्या वाफ्यातून रोप उपटून दुसरीकडे लावतो तसं हे आहे, फक्त वाफा एकच आणि त्यात पुन्हा बी टाकता येत नाही. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून बऱ्याच पुरुषांना आयुष्यभरात मिळून ४००० ते ६००० ग्राफ्ट निघतात. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस. मूळची दाटी चौरस सेंटिमीटरला ८०च्या आसपास ग्राफ्टची असते, आपण लावतो ३५ ते ४५. पुढचा भाग आणि भोवरा मिळून १५० चौरस सेंटिमीटर रिकामा असेल, तर ४०च्या दराने ६००० ग्राफ्ट झाले. म्हणजे अख्खा वाफा रिकामा. हे कागदावर त्याच्याच हाताने गुणून घ्या. “कॉलेजात होते तसे” हा शब्द त्यानंतर सहसा निघत नाही. इथेच अजून एक खुलासा करा: बाहेर कुणी “५००० केस” म्हणून पॅकेज सांगितलं असेल, तर ते साधारण २५०० ग्राफ्ट होतात.

वडील किंवा मामा सोबत असतील तर नम्रपणे टोपी काढायला सांगा. “काका, जरा टोपी काढता?” मुलाचं टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो, नेहमी नाही पण बरेचदा.

मग डॉक्टर पेन्सिलने पुढची रेघ आखतात. पेशंटच्या हातात आरसा द्या आणि गप्प राहा. बहुतेकांचं बोट त्या रेघेच्या खाली जातं: “अजून दोन बोटं खाली घ्या ना.” मोबाइलमध्ये कुठल्या तरी हिरोचा फोटोही तयार असतो. भुवयांच्या मधोमधपासून ७-८ सेंटिमीटरवरची रेघ मोठ्या माणसाला शोभते. पंचविशीत खाली ओढलेली रेघ पन्नाशीत तशीच राहते आणि मागचं सगळं गेलेलं असतं. हे नातेवाइकांना लगेच पटतं, पेशंटला उशिरा.

गोळ्या-औषधांचं बोलणं मात्र एकट्याशी. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळचे केस गळणं थांबत नाही. म्हणून डॉक्टर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड सुचवतात. फिनास्टेराइडने काही थोड्या जणांना लैंगिक त्रास होऊ शकतो. मामांसमोर हा प्रश्न कुठलाही मुलगा विचारणार नाही. तो घरी जाऊन गोळी बंद करतो आणि वर्षाने आपल्याला दोष देतो. मामांना चहाला पाठवा.

काहींना परतच पाठवायचं असतं. विशीतला, अजून गळती चालू असलेला मुलगा. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी झडझड सुरू झालेला. त्याचे बहुधा आपोआप परत येतात. चाई पडलेला. लोह किंवा थायरॉइडची तपासणीच न केलेली ताई. आणि जो तीन क्लिनिक फिरून आलाय, प्रत्येकाला नावं ठेवतोय, त्याच्याशी डॉक्टरांनाच सावकाश बोलू द्या.

सर्जरी कोण करणार, हा प्रश्न आला तर आडवळण नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की हे काम प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं. यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. डॉक्टर काय करणार आणि मदतनीस काय करणार, ते स्पष्ट सांगा.

फोटो ओल्या केसांचा, ट्यूबलाइटखाली, भिंतीवरच्या ठरलेल्या खुणेसमोर काढा. घरचा सेल्फी धरू नका. तिसऱ्या महिन्यात आपणच फोन करायचा, कारण तो सगळ्यात वाईट महिना असतो आणि पाव्हण्यांनी तोवर “पैसे पाण्यात गेले” म्हणून झालेलं असतं. फोनवर समजूत घालत बसू नका, क्लिनिकला बोलवा, त्याच खुणेसमोर उभं करा आणि भिंगातून ती लव दाखवा. उन्हाळ्यात येत असेल तर सकाळी दहाच्या आतली वेळ द्या आणि सैल टोपी घालून यायला सांगा.